हाडाची काडे : उतारवयातील स्त्रीचे ताट

‘मुलांसाठी तिने हाडाची काडे केली,’ असे आपण मराठीत सहज म्हणतो. बोलताना आपल्या मनात कष्ट असतात, हाडे नसतात. पण पस्तीस-चाळीस वर्षे दवाखान्यात बसलेल्या माणसाला हा वाक्प्रचार शब्दशः खरा वाटू लागतो. पासष्टीची बाई न्हाणीघरात घसरते, हात टेकते आणि मनगट मोडते. पंचाहत्तरीची बाई खाटेवरून उठताना पडते आणि खुब्याचे हाड मोडते. पडणे किरकोळ असते, हाड मात्र काडीसारखे तुटते. वैद्यकशास्त्र याला ऑस्टिओपोरोसिस म्हणते. आपण अस्थिविरळता म्हणू. हाडाचा आकार तोच राहतो, आतली वीण मात्र विरळ होत जाते.

वाङ्मयाच्या व्याख्यानमालेत हा विषय कशाला, असे काही वाचकांना वाटेल. सुरतेत तीन-चार पिढ्या झालेल्या आपल्या घरांत मराठी टिकली ती बहुतेक आज्यांच्या तोंडून. ओव्या, म्हणी, सणांचे आचार आणि गावाकडच्या गोष्टी त्यांनीच पुढे दिल्या. खुबा मोडल्यावर ती आजी अंथरुणाला खिळते. पुष्कळ जणी पूर्वीसारख्या चालू शकत नाहीत आणि काहींचे तर ते वर्षही निघत नाही. हे टाळण्याचे बरेचसे काम स्वयंपाकघरात होऊ शकते, म्हणून हा लेख.

सांगायचे आहे ते थोडक्यात असे : हाडांसाठी कॅल्शियम लागते हे आता घरोघरी ठाऊक आहे, पण कॅल्शियम एकट्याने हाड बांधत नाही. त्याला प्रथिनांची जोड लागते. आणि आपल्याकडे वय वाढते तशी स्त्रीच्या ताटातून ही दोन्ही एकदमच कमी होतात.

हाड म्हणजे नुसता चुना नव्हे

घराचा स्लॅब आठवा. त्यात लोखंडी सळया असतात आणि त्यांच्याभोवती काँक्रीट. नुसते काँक्रीट वाकवले तर तडकते, नुसत्या सळया भार पेलत नाहीत. हाडाची रचना काहीशी तशीच आहे. वजनाने पाहिले तर हाडाचा साधारण दोन तृतीयांश भाग कॅल्शियम-फॉस्फरसच्या क्षारांचा असतो. उरलेल्या भागात मुख्यतः कोलॅजन नावाचे प्रथिन असते. या प्रथिनाच्या जाळ्यावर क्षार बसतात. जाळेच कमी विणले गेले तर क्षार बसणार कशावर?

हाड ही बांधून संपलेली इमारत नाही, तिची डागडुजी जन्मभर चालू असते. काही पेशी जुने हाड उकरून काढतात, दुसऱ्या पेशी तिथे नवे भरतात. तरुणपणी उकरणे आणि भरणे यांचा मेळ बसतो. स्त्रीच्या शरीरातले इस्ट्रोजेन हे संप्रेरक उकरणाऱ्या पेशींना आवर घालते. पाळी गेली की हा आवर सुटतो. आपल्याकडे पाळी जाण्याचे सरासरी वय शेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या आसपास आहे. त्यानंतरची पाच-सात वर्षे झिजेचा वेग सर्वांत जास्त असतो. हे होताना दुखत नाही, सूज येत नाही, तापही येत नाही. म्हणून कळतही नाही.

शरीरातले ९९ टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत असते. उरलेला एक टक्का रक्तात आणि पेशींत असतो, पण हृदयाचे ठोके आणि स्नायूंचे आकुंचन त्याच्यावर चालते. म्हणून शरीर रक्तातले कॅल्शियम कमी होऊ देत नाही. जेवणातून आले नाही, तर गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथी हाडांतून काढून रक्तात आणून देतात. म्हणूनच रक्ताच्या तपासणीत ‘कॅल्शियम नॉर्मल’ आले की हाडे उत्तम, असे समजू नये. घरखर्च वेळेवर भागतो आहे, पण तो ठेव मोडून भागतो आहे, हे त्या कागदावर दिसत नाही.

प्रथिनांवरचा जुना आरोप

बरीच वर्षे असे मानले जाई की प्रथिने जास्त खाल्ली तर हाडे झिजतात. आरोपाला आधार होता. प्रथिने वाढवली की लघवीतून जाणारे कॅल्शियम वाढते, हे प्रयोगात दिसत असे. त्यावरून तर्क निघाला की प्रथिनांमुळे रक्तात आम्लता येते आणि ती शमवायला हाड विरघळते. हा तर्क अजूनही लोकांच्या बोलण्यात येतो.

पुढे अमेरिकेत येल विद्यापीठातील संशोधकांनी कॅल्शियमचा माग काढला. लघवीतून जादा जाणारे कॅल्शियम बहुतांशी आतड्यातून जादा शोषले गेलेले होते. प्रथिने पुरेशी असली तर अन्नातले कॅल्शियम शरीर अधिक उचलते. प्रथिने फार कमी झाली तर शोषण घटते आणि पॅराथायरॉइडचे संप्रेरक वाढते.

फ्रेमिंगहॅम या अमेरिकी गावातील वृद्धांचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. ३९१ स्त्रिया आणि २२४ पुरुष यांच्या हाडांची घनता चार वर्षांच्या अंतराने मोजली होती. प्रथिने सर्वांत कमी खाणाऱ्यांची हाडे सर्वांत जास्त झिजली होती. त्याआधी १९९८ साली जिनिव्हात खुबा मोडलेल्या ८२ वृद्धांवर प्रयोग झाला. एका गटाला सहा महिने रोज २० ग्रॅम जादा प्रथिने दिली, दुसऱ्याला प्रथिनांविना पुरवणी. कॅल्शियम दोघांनाही होते. वर्षाअखेर मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाची झीज पहिल्या गटात जवळपास निम्मी होती.

जोडीचा मुद्दा सर्वांत स्पष्ट झाला तो २००२ साली. पासष्टीपुढच्या ३४२ स्त्री-पुरुषांपैकी काहींना तीन वर्षे कॅल्शियम आणि ‘ड’ जीवनसत्त्व दिले होते, काहींना दिले नव्हते. ज्यांना दिले त्यांच्यात जास्त प्रथिने खाणाऱ्यांची हाडे चांगली राहिली. ज्यांना दिले नाही त्यांच्यात प्रथिनांचा असा लाभ दिसला नाही. म्हणजे सळया आणल्या तरी सिमेंट हवे, आणि सिमेंट आणले तरी सळया हव्यात.

गोळी की जेवण?

मग कॅल्शियमची गोळी पुरे का? दोन मोठे प्रयोग शेजारी ठेवून पाहू. १९९२ साली फ्रान्समधील वृद्धनिवासांतल्या ३,२७० स्त्रियांवरचा प्रयोग प्रसिद्ध झाला. रोज १.२ ग्रॅम कॅल्शियम आणि ८०० युनिट ‘ड’ जीवनसत्त्व घेणाऱ्या गटात दीड वर्षात खुब्याची हाडे मोडण्याचे प्रमाण ४३ टक्के कमी होते. २००६ साली अमेरिकेतील ३६,२८२ स्त्रियांवरच्या प्रयोगात मात्र गोळ्यांनी खुब्याचे मोडणे लक्षणीय कमी झाले नाही, उलट मुतखड्याचे प्रमाण १७ टक्के वाढले. फरक समजण्यासारखा आहे. फ्रेंच आज्या जेवणातून दिवसाला जेमतेम ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम घेत होत्या आणि त्यांना ऊनही मिळत नव्हते. अमेरिकी स्त्रिया आधीच पुरेसे खात होत्या. जिथे तूट आहे तिथे भर उपयोगी पडते.

आपल्याकडे तूट आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २००५ साली गरीब वस्तीतील तीस ते साठ वयाच्या २८९ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांच्या जेवणात दिवसाला सुमारे २७० मिलिग्रॅम कॅल्शियम होते, आणि सुमारे २९ टक्के स्त्रियांना खुब्याजवळच्या हाडाची अस्थिविरळता होती. त्या गरीब होत्या, आपण नाही, असे म्हणून सुटता येणार नाही. आपल्या सुखवस्तू घरातल्या आजीचे ताट आपण पुढे मोजणारच आहोत.

जेवणाने काय साधते, याचे उत्तर २०२१ साली ऑस्ट्रेलियातून आले. साठ वृद्धनिवासांतील ७,१९५ जणांवर हा प्रयोग झाला. सरासरी वय ८६, बहुतेक स्त्रिया. निम्म्या निवासांत दूध, दही आणि चीज वाढवले, बाकीच्यांत नेहमीचे जेवण ठेवले. वाढवलेल्या गटात कॅल्शियम रोज सुमारे ७०० वरून ११४२ मिलिग्रॅमपर्यंत गेले आणि प्रथिने वजनाच्या दर किलोमागे ०.९ वरून १.१ ग्रॅमपर्यंत. दोन वर्षांत हाडे मोडण्याचे प्रमाण ३३ टक्के, खुबा मोडण्याचे ४६ टक्के आणि पडण्याचे ११ टक्के कमी झाले. पडणे का कमी झाले असावे? प्रथिने स्नायूंनाही मिळतात, आणि मांड्यांत बळ असेल तर तोल सावरता येतो.

आता माझ्या पॅथीविषयी बोलायला हवे. मी होमिओपॅथीचा डॉक्टर आहे. अनेक घरांत ‘कॅल्केरिया फॉस सिक्स एक्स’च्या गोळ्या कॅल्शियमची गोळी म्हणून वर्षानुवर्षे चघळल्या जातात. सिक्स एक्स म्हणजे दहा लाखांत एक भाग. अशा एक किलो गोळ्या खाल्ल्या तर त्यात मूळ क्षार एक मिलिग्रॅम, बाकी साखर. गरज आहे दिवसाला हजार मिलिग्रॅमहून अधिक. तेव्हा त्या गोड गोळ्यांवर आहारातली तूट सोपवू नका. आणि हाडांच्या डॉक्टरांनी अस्थिविरळतेचे औषध दिले असेल, तर ते माझ्यासारख्याच्या किंवा कोणाच्याही सांगण्यावरून परस्पर बंद करू नका.

आजीचे ताट मोजू या

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२०च्या शिफारशींत प्रौढांसाठी रोज १००० मिलिग्रॅम कॅल्शियम आहे, पाळी गेलेल्या स्त्रियांसाठी १२००. प्रथिने वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम. वृद्धांच्या आहाराचे अनेक तज्ज्ञ पासष्टीपुढे दर किलोमागे १ ते १.२ ग्रॅम सांगतात. म्हणजे ५५ किलोच्या आजीला ५५ ते ६५ ग्रॅम.

आता प्रत्यक्षात काय जाते ते पाहा. सकाळी चहा आणि दोन खारी : प्रथिने तीन ग्रॅम. दुपारी दोन पोळ्या, थोडा भात, भाजी आणि वाटीभर पातळ वरण : पंधरा ग्रॅम. चार वाजता पुन्हा चहा : एक ग्रॅम. रात्री ‘आता पचत नाही’ म्हणून मऊ खिचडी आणि अर्धा कप दूध : सात-आठ ग्रॅम. बेरीज सत्तावीसच्या आसपास, म्हणजे गरजेच्या निम्मी. कॅल्शियमही तीनशे-साडेतीनशेच्या वर जात नाही. पोट भरलेले असते, म्हणून उणीव कोणाच्या लक्षात येत नाही.

यात उपवास मिळवा. दोन एकादशा, एक संकष्टी आणि चार गुरुवार धरले तर महिन्याला सात, वर्षाला चौऱ्याऐंशी दिवस. त्या दिवशी साबुदाणा असेल तर त्यात प्रथिने जवळजवळ नाहीत. जे काही मिळते ते शेंगदाण्याच्या कुटाचे. शिवाय बाईने सर्वांना वाढून शेवटी बसायचे, तोवर डाळीचा गाळ संपलेला आणि वरचे पाणी उरलेले. आपल्या पणज्यांच्या पिढीतल्या विधवांना तर एकभुक्त राहावे लागे. ती रीत गेली, पण ‘माझे काय, मला काहीही चालते’ हे वाक्य अजून घराघरांत ऐकू येते.

भरून कसे काढायचे

ज्यांच्या घरी अंडी-मासे चालतात त्यांचे काम सोपे आहे. मी शाकाहारी ताटाविषयीच सांगतो, कारण काळजी तिथे जास्त लागते. ब्रिटनमधील एका मोठ्या पाहणीत, २०२० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, शाकाहारींत खुबा मोडण्याचे प्रमाण मांसाहारींपेक्षा २५ टक्के जास्त दिसले. वजन, कॅल्शियम आणि प्रथिने कमी असणे हे त्याचे काही अंशी कारण होते. शाकाहार सोडण्याचे हे कारण नाही, पण शाकाहार जाणून करावा हे मात्र खरे.

पहिली गोष्ट दूध-दही. गाईच्या १०० मिली दुधात सुमारे १२० मिलिग्रॅम कॅल्शियम असते आणि त्यातले तीसेक टक्के अंगी लागते. सुमूलची पिशवी आपल्या प्रत्येक दारात येते, पण आजीच्या वाट्याला त्यातले चहापुरते येते. दिवसाला एक मोठा पेला दूध आणि एक वाटी घट्ट दही हे तिचे ठरलेले असावे. दुधाने पोट फुगत असेल तर दही घ्यावे. दोन चमचे दह्याचे तांब्याभर ताक तहान भागवते, दह्याची जागा घेत नाही. मलई काढून घेतल्याने कॅल्शियम जात नाही.

दुसरी गोष्ट नागली. आपल्या शेजारच्या डांगात आणि पलीकडे सुरगाणा-पेठेकडे ती पिकते. १०० ग्रॅम नागलीत सुमारे ३६० मिलिग्रॅम कॅल्शियम आहे, गव्हाच्या कितीतरी पट. पीठ आंबवून केलेली आंबील किंवा मोड आणून केलेले सत्त्व जास्त अंगी लागते, कारण शोषण अडवणारी द्रव्ये त्यात कमी होतात. तिळात कॅल्शियम भरपूर आहे, १०० ग्रॅममध्ये हजाराहून अधिक. पण ते सगळे शोषले जात नाही, म्हणून चमचाभर तिळाची चटणी जोड म्हणून धरावी. पालकाचे तसेच : त्यातले ऑक्झलेट कॅल्शियमला धरून ठेवते. मेथी आणि शेवग्याचा पाला त्याहून बरा.

तिसरी गोष्ट डाळी, आणि इथे खानदेशाचे पूर्वज शहाणे होते. कळण्याच्या भाकरीत ज्वारीबरोबर उडीद दळलेला असतो. धान्यात जे अमिनो आम्ल कमी ते डाळीत जास्त, म्हणून दोन्ही मिळून प्रथिन पूर्ण होते. एका माणसामागे ३० ग्रॅम डाळ शिजवली तर सहा-साडेसहा ग्रॅम प्रथिने मिळतात. पिठले, मटकीची उसळ, कुळथाचे शेंगोळे, हिवाळ्यात तुरीचे दाणे आणि पापडीचे दाणे, यांतले एक काहीतरी दोन्ही वेळच्या जेवणात घट्ट असावे. कुळथात कॅल्शियमही आहे, १०० ग्रॅममध्ये सुमारे २७०. सुरतेचा लोचो किंवा खमणही हरभरा डाळीचे. वरचे तेल आणि शेव कमी केली तर खारीपेक्षा केव्हाही चांगले. दात नसतील तर मऊ पनीर, मुगाचे धिरडे, शेंगदाण्याचे कूट. ५० ग्रॅम पनीरमध्ये नऊ ग्रॅम प्रथिने असतात.

प्रथिने तिन्ही वेळांना वाटून घ्यावीत. दुपारी सगळी आणि रात्री नुसती पेज, असे नको.

आमच्या जैन घरांत चौविहार पाळतात. सूर्यास्तानंतर काही नाही. मग दोन किंवा तीनच वेळा उरतात, आणि त्यांतली प्रत्येक भरीव असायला हवी. द्विदल टाळायचे म्हणून डाळीबरोबर कच्चे दही-ताक आम्ही घेत नाही. पण ताक आधी तापवून केलेली बेसनाची कढी चालते, आणि त्या एका पातेल्यात दोन्ही गोष्टी येतात. आयंबिलात दूध-दही बंद असते, तरी मूग-उडीद-हरभरा चालतात. नऊ दिवसांच्या ओळीने हाडांचे काही बिघडत नाही. वर्षानुवर्षे लांब तप करणाऱ्या वृद्ध भगिनींनी मात्र पारण्यानंतरच्या दिवसांत ही तूट भरून काढावी. एकादशी करणाऱ्यांनी साबुदाण्याऐवजी राजगिरा, भगर, दही, दूध आणि दाण्याची आमटी घ्यावी. व्रत तेवढेच राहते.

काही शंका, काही सावधगिरी

‘कॅल्शियमने मुतखडा होतो’ ही भीती आपल्याकडे मोठी आहे. अमेरिकेत हजारो परिचारिकांच्या पाहणीत उलट दिसले : जेवणातून जास्त कॅल्शियम घेणाऱ्या स्त्रियांना मुतखडा कमी झाला. जेवणातले कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला बांधून बाहेर नेते. सुटी गोळी घेणाऱ्यांत मात्र धोका थोडा वाढला. म्हणून गोळी लागलीच तर जेवणाबरोबर घ्यावी, एका वेळी ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियम यांत चार तासांचे अंतर ठेवावे. मूत्रपिंडाचा विकार असेल तर प्रथिने स्वतःहून वाढवू नयेत, आधी डॉक्टरांना विचारावे.

‘ड’ जीवनसत्त्वाशिवाय कॅल्शियम आतड्यातून आत येत नाही. सुरतेत ऊन कमी नाही, पण फ्लॅटमधली आजी त्यात उभी राहत नाही. सकाळच्या कोवळ्या उन्हापेक्षा अकरानंतरचे ऊन या कामाला अधिक उपयोगी असते. हात-पाय उघडे ठेवून थोडा वेळ पुरे. डॉक्टरांनी सांगितल्यास पुरवणी घ्यावी. आणि खुर्चीतून हाताचा आधार न घेता दहा वेळा उठणे-बसणे हा व्यायाम भिंतीजवळ उभी केलेल्या खुर्चीवर, कोणीतरी शेजारी असताना करावा.

पासष्टी झाली असेल, उंची दीड-दोन इंचांनी कमी झाली असेल, पाठीला बाक आला असेल, किरकोळ पडण्याने एखादे हाड आधी मोडले असेल किंवा स्टिरॉइडच्या गोळ्या बरेच महिने घेतल्या असतील, तर डेक्सा तपासणी करून घ्या. त्यात टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याखाली आला तर नुसत्या आहारावर थांबू नका, औषध लागते. आहार त्या औषधालाही लागतोच, कारण औषधाला बांधकाम करायला सामान हवे.

वाचकहो, या सगळ्यात महाग किंवा परके काहीच नाही. सुनांनी, लेकींनी आणि मुलांनीही एक आठवडा आईच्या ताटात खरोखर काय पडते ते लिहून पाहावे : डाळ किती, दूध किती, दही किती. मग तिची वाटी आधी भरावी, घट्ट वरणाची, आणि तिला सर्वांबरोबर बसवावे. आणि आपणच त्या घरातली आजी असाल, तर ‘मला काहीही चालते’ हे वाक्य आजपासून सोडून द्यावे.